मुलांची ‘माहितीची’ पुस्तकं : चवथ ते पावसाळा, वापरून पाहिल्यावर

आधी निकाल सांगते. भारताचा इतिहास आणि निसर्ग यांवरची बरीच पुस्तकं गेल्या चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आधी घरात आली. काही विकत घेतली, काही पणजीच्या कृष्णदास शामा ग्रंथालयातून आळीपाळीने आणली, काही मोबाइलवर उतरवली. आता पाऊस पुन्हा दारात आहे आणि सगळ्यात महाग पुस्तकं अजून नव्यासारखी चकचकीत आहेत. स्वस्तातल्यांची पानं मात्र सुटलीत.

मुलगी सहावीत, मुलगा तिसरीत. हे सांगणं भाग आहे, कारण आमच्याकडे गोव्यात मराठी शाळेत चौथी झाली की पाचवीला इंग्रजी माध्यम. त्या दोन-तीन वर्षांत मराठी पुस्तक मुलांना ‘छोट्यांचं’ वाटायला लागतं आणि इंग्रजी पुस्तकात दर ओळीला ठेच लागते. पुस्तक घेताना मुखपृष्ठावरचा वयोगट बघून आमच्या उपयोगाचं नाही. मी आता मधलं कुठलंही एक पान मुलीला मोठ्याने वाचायला लावते, तेवढ्यात कळतं.

सगळ्यात जास्त पैसे गेले ते एका खासगी प्रकाशनाच्या रंगीत संचावर. जाड कागद, प्रत्येक राजघराण्याला दोन पानं, कोपऱ्यात ‘तुम्हाला माहीत आहे का?’ची चौकट. सुरुवातीला मुलांनी त्यावरून एकमेकांना प्रश्न विचारायचा खेळ केला, मग संच जो वर गेला तो खाली उतरलाच नाही. गोवा त्यात दोनदा येतो. १५१० मध्ये पोर्तुगीज सेनानी अल्बुकर्कने घेतला, १९६१ मध्ये मुक्त झाला. मधली साडेचारशे वर्षं गायब, आणि त्याआधी इथे कुणी राहत होतं की नाही याचाही पत्ता नाही. पोर्तुगीजांविरुद्धचा कुंकळ्ळीचा उठाव नाही, पिंटोंचं बंड नाही, सत्तरीच्या राण्यांची बंडं नाहीत, १८ जून १९४६ ला मडगावात लोहियांची सभा झाली तीही नाही. दिल्लीहून लिहिणाऱ्याला गोवा म्हणजे समुद्र, हे समजू शकते मी. पण इतिहासाच्या पुस्तकात तरी?

तरी माझी खरी तक्रार ती नव्हेच. मुलीने एका पानावर बोट ठेवून विचारलं, “आई, हे ह्यांना कळलं कसं?” संचाच्या एकाही खंडात याचं उत्तर नाही. सगळीकडे नुसतं ‘होता’, ‘केला’, ‘जिंकला’.

त्याच सुमारास ग्रंथालयातून एक पातळसं, काळ्या-पांढऱ्या चित्रांचं पुस्तक आलं होतं. शिलालेख, नाणी, ताम्रपट यांवरून इतिहास कसा जुळवतात, एवढाच विषय. शकात ७८ मिळवले की साधारण इसवी सन मिळतो, हे त्यात एका ओळीत होतं. आमचं गाव डिचोली तालुक्यात, नार्वे हाकेच्या अंतरावर. सप्तकोटेश्वराच्या देवळात आम्ही नेहमी जातो, पण दारावरच्या लेखाकडे मान वर करून कुणी बघत नाही. या खेपेस मुलगी तिथेच थांबली. अक्षरं तिला लागेनात, आजोबांनी बोट फिरवत एकेक शब्द सांगितला. शके १५९०. तिने बोटांवर बेरीज केली आणि म्हणाली, “१६६८. म्हणजे रायगडाच्या राज्याभिषेकाआधी सहा वर्षं!” शिवाजी महाराजांनी हे देऊळ पुन्हा बांधायला घेतल्याचा तो लेख. कदंब राजांचा हा देव मूळ दिवाडी बेटावरचा, सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी तिथलं देऊळ पाडल्यावर इकडे आलेला. हे सगळं आजोबांनी तिला आधीही सांगितलं होतंच. पण वर्ष स्वतः काढल्यावर तिने ऐकलं वेगळ्या कानांनी. घरी येऊन त्या पुस्तकाची मुदत वाढवून घ्यायला लावली, आणि पुढच्या खेपेसही तेच.

नंतर उसगाळीमळची कातळचित्रं बघायला गेलो. कुशावती नदीच्या काठच्या जांभ्या दगडावर बैल, मोर, गोल चक्रव्यूहासारखी आकृती. या चित्रांच्या वयाबद्दल अभ्यासकांचं एकमत नाही, असं तिने कुठेतरी वाचलं होतं. तिला तेच सगळ्यात आवडलं. मोठ्या माणसांनाही ठाऊक नाही म्हणजे आपल्याला वाव आहे, असा एकंदर सूर.

निसर्गाच्या पुस्तकांत मुलाची आवड वेगळी. त्याला वाघ-सिंहांचे मोठमोठे फोटो आठवडाभर पुरले. टिकलं ते झाडांचं एक साधं पुस्तक, आणि त्याला कारण चवथ. माटोळी, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगायचं फळापानांचं छत, बांधताना तो पुस्तक घेऊन खाली बसला. ऐनाच्या, म्हणजे आमच्या माट्टीच्या, माहितीच्या पानावर पाच पंखांच्या फळाचं चित्र होतं. बाबांच्या हातातली माट्टीची फळं त्याने मोजली, पाच पंख. मग साल बघायला परसात धावला, मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली आहे का म्हणून. गोव्याचा राज्यवृक्ष आपल्या देवाच्या डोक्यावर टांगलेला असतो हे मलाही तेव्हाच लक्षात आलं. माटोळीतली कांगलां ही रानफळं मात्र त्या पुस्तकात सापडली नाहीत, त्यामुळे तो लेखकावर थोडा नाराज आहे.

कासवांच्या पुस्तकाचाही असाच उपयोग झाला. त्यात ओडिशाच्या किनाऱ्यावर लाखांनी येणाऱ्या ऑलिव्ह रिडले कासवांचं वर्णन होतं आणि वाळू जास्त तापली की अंड्यांतून माद्या जास्त निघतात हेही. मोरजीच्या किनाऱ्यावर कुंपण घातलेली घरटी दिसल्यावर आमच्या चिरंजीवांनी वनखात्याच्या रखवालदाराला गाठलं. “काका, ह्यांतून मुली किती येतील?” काकांनी आकाशाकडे बघून उन्हाचा अंदाज घेतला आणि गंभीरपणे सांगितलं, बऱ्याच.

इतिहास आणि निसर्ग एकत्र आणणारी पुस्तकं कमी मिळतात, पण मिळाली की घरात वाद पेटतात. मिरची, अननस, पपई, काजू ही सगळी अमेरिका खंडातून पोर्तुगीजांबरोबर आलेली, हे वाचून मुलीने जेवताना जाहीर केलं. आजोबांची काजूची बाग आहे. ते घास तसाच ठेवून म्हणाले, “मग त्याआधी लोक हुर्राक कशाची काढत?” हुर्राक म्हणजे काजूची दारू. “माडाची पीत असतील,” हे सासूबाईंचं उत्तर, पुस्तकाशिवाय. याच ओघात मी त्यांना गार्सिया द ओर्ताबद्दल सांगितलं. गोव्यात राहणारा हा वैद्य, त्याने इथल्या औषधी वनस्पतींवर प्रश्नोत्तरांच्या रूपात लिहिलं आणि ते १५६३ मध्ये गोव्यातच छापलं गेलं. छापखाना इथे १५५६ मध्येच आला होता. मुलांसाठी यावर कुणी नीट लिहिलं तर मी रांगेत उभी राहून घेईन.

स्वस्तातलं सांगायचं तर नॅशनल बुक ट्रस्टची नेहरू बाल पुस्तकालय मालिका डोळे झाकून घ्या. पातळ, हातात मावणारी, हरवली तरी रडू येत नाही. ‘किशोर’चे जुने अंक मिळाले तर सोडू नका, बालभारती १९७१ पासून काढते आणि आमच्याकडचे काही अंक माझ्या भावाच्या वेळचे आहेत. प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर फुकट आहे, मराठीत भरपूर आहे, वाचनाच्या पातळ्या लावलेल्या आहेत आणि छापून घ्यायलाही मुभा आहे. मी आवडती तेवढी छापून शिवते. मोबाइलवर दिलं की मुलगा दुसऱ्या पानानंतर वेगळ्याच ठिकाणी सापडतो.

गोव्यातल्या घरांसाठी एक व्यवहाराची गोष्ट. पिना मारलेली पुस्तकं जूनमध्ये पिनांपाशी तांबूस होतात, चकचकीत कागदाची पानं एकमेकांना चिकटतात. विकत घेतल्यावर लगेच पिना काढून दोऱ्याने शिवा आणि कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा.

आता शोध खाजनाचा, म्हणजे बांध घालून भरतीच्या पाण्यापासून राखलेल्या शेतजमिनीचा. हिमालय, थर, सुंदरबन सगळ्या पुस्तकांत आहेत. भरतीच्या पाण्याने आपोआप मिटणारी आणि ओहोटीला उघडणारी बांधातल्या मानशीची लाकडी दारं, बांध, खाऱ्या जमिनीत तग धरणारं कोरगुट भात, चिखलात उड्या मारणारे निवटे मासे हे एका पुस्तकात मला अजून मिळालेलं नाही. मराठीत असेल तर उत्तम, कोकणीत असलं तरी चालेल. कुणाच्या पाहण्यात असेल तर प्रकाशनाचं नाव कळवा. मुलीच्या शाळेचा प्रकल्प याच विषयावर आहे आणि सध्या सगळी भिस्त आजोबांवर आहे.