डॉमिनिकाला जहाज थांबलं तर बीच विसरा, डोंगरात जा (लोकल व्हॅन टूरचा रिव्ह्यू)

कॅरिबियन क्रूझच्या यादीत डॉमिनिका दिसलं की बरेच जण 'तिथे पांढरी वाळू नाही' म्हणून जहाजावरच बसून राहतात, प्लीज असं करू नका. (आणि हे डॉमिनिकन रिपब्लिक नाही हं, तो वेगळा देश.) आम्ही आईबाबांना घेऊन गेलो होतो आणि अख्ख्या क्रूझमध्ये मला सगळ्यात आवडलेला दिवस हाच.

जहाजाची टूर महाग वाटली म्हणून घेतली नाही. आमचं जहाज रोझो गावाच्या अगदी समोर लागलं, उतरून रस्ता ओलांडला की व्हॅनवाले उभेच असतात, तिथे एकाशी बोलून फक्त आमच्यासाठी व्हॅन ठरवली, जवळपास निम्म्या पैशात काम झालं. ड्रायव्हर म्हणजेच गाइड. माणूस एक नंबर, घाई नाही, दुकानात नेऊन बसवणं नाही, आईचे गुडघे दुखतात हे एकदा सांगितलं तर दिवसभर प्रत्येक ठिकाणी किती पायऱ्या आहेत ते तो आधीच सांगत होता.

सगळ्यात आधी टीटू गॉर्जला गेलो आणि तुम्हीही तेच करा, कारण दोन जहाजं लागलेली असली की दुपारी तिथे रांग लागते. लाइफ जॅकेट भाड्याने मिळतं, घालायचं आणि थेट पाण्यात. दोन्ही बाजूंना उंच काळा कातळ, मधे अरुंद फट, वर झाडांमधून थोडासा उजेड, पाणी बर्फासारखं गार, आणि तसंच पोहत पोहत आत गेलं की शेवटी धबधबा आवाज करत कोसळत असतो. मी किंचाळलेच! बाहेर तोंडाशी गरम पाण्याची एक धार पडते, कुडकुडत आलेले सगळे तिच्याखाली उभे राहतात. पण वर डोंगरात जोराचा पाऊस असेल तर आत जायचं नाही, पाणी अचानक वाढतं, गाइड नको म्हणाला तर ऐका. बॉइलिंग लेकची (म्हणजे उकळत्या पाण्याच्या तळ्याची) वाट इथूनच सुरू होते, पण जाऊन यायला सहा-एक तास लागतात, क्रूझवाल्यांनी नाद सोडावा. हा सगळा भाग मोर्न ट्रॉइस पिटन्स नॅशनल पार्कचा, १९९७ पासून युनेस्कोच्या वारसा यादीत आहे.

मग ट्रफाल्गर फॉल्स. दोन धबधबे शेजारी शेजारी, उंच त्याला फादर म्हणतात, बुटका तो मदर. बघायच्या कट्ट्यापर्यंतची वाट छोटी आहे, आई काठी घेऊन आरामात गेली आणि तिथे बसून म्हणाली, पावसाळ्यात आंबोलीला आल्यासारखं वाटतंय. पुढे धबधब्याच्या पायथ्याशी जायचं तर मोठमोठे निसरडे दगड चढावे लागतात, ते तरण्यांनीच करावं. तिथून जवळच वॉटन वेव्हनला गंधकाच्या गरम कुंडांत बसलो, वास येतो पण अंग एकदम मोकळं होतं.

वाटेत ड्रायव्हर मारिया वादळाबद्दल बोलला. १८ सप्टेंबर २०१७, कॅटेगरी ५. बहुतेक घरांची छपरं उडाली, डोंगरावरच्या झाडांना पान राहिलं नव्हतं. आज ते जंगल इतकं गच्च हिरवं आहे की ऐकताना खरंच वाटत नाही, आणि ज्यांनी हे सगळं परत उभं केलं त्यांच्याच हातात आपले पैसे जातात हे मला फार बरं वाटलं.

जेवण ठीक, चव छान पण यायला खूप वेळ लागला. कॅलालू सूप नक्की घ्या, ते चक्क अळूच्या पानांचं असतं, बाबा दोन वाट्या प्यायले. शाकाहारी असाल तर आधी विचारा, बऱ्याचदा त्यात खेकडा किंवा मांस घालतात. चण्याची भाजी गुंडाळलेली रोटी मिळाली तर प्रश्नच मिटला.

परत येताना बोटॅनिकल गार्डन. १९७९ च्या डेव्हिड वादळात गोरखचिंचेचं अवाढव्य झाड एका रिकाम्या स्कूल बसवर पडलं, ती चेपलेली बस अजून तशीच आहे आणि झाड वाढतंय. बाजूलाच विंडसर पार्क स्टेडियम, जिथे जुलै २०२३ मध्ये आपल्या यशस्वी जयस्वालने पहिल्याच टेस्टमध्ये १७१ केले आणि अश्विनने १२ विकेट काढल्या. बाबा आणि ड्रायव्हर त्यावर इतके रंगले की आम्हाला त्यांना ओढून आणावं लागलं.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार, अर्धा जेवणाच्या उशिराचा आणि टॉयलेटचा कापला.

जाणार असाल तर: पाण्यात चालणारे बूट, टॉवेल, कोरडे कपडे, फोनला वॉटरप्रूफ पाउच. अमेरिकन डॉलर चालतात पण सुट्ट्या नोटा ठेवा, मोड ईस्ट कॅरिबियन डॉलरमध्ये मिळते (एक अमेरिकन म्हणजे २.७०). भाव व्हॅनमध्ये बसायच्या आधी ठरवा, माणशी की सगळ्यांचा मिळून हे स्पष्ट विचारा, धबधब्यांचा साइट पास (आत जायचं तिकीट) त्यात धरलाय का तेही. आणि जहाजाचं घड्याळ आणि बेटाचं घड्याळ कधी कधी वेगळं असतं, बाहेरची टूर असेल तर जहाज तुमच्यासाठी थांबत नाही, म्हणून जहाजाच्या वेळेप्रमाणे निदान तासभर आधी धक्क्यावर सोडायला सांगा.