परावर्तक, आभासी कुंपण की प्राणी-शोध यंत्रणा: रस्त्यासाठी काय निवडावं?

वन्यप्राणी आणि वाहनांच्या धडका रोखणारी उपकरणं दोन प्रकारची असतात: प्राण्याला बिचकवणारी आणि चालकाला सावध करणारी. निवडीआधी निदान दोन-तीन वर्षांच्या धडकांची ठिकाणं, वेळा आणि प्रजाती नकाशावर मांडा. त्याशिवाय कुठलंच उपकरण योग्य जागी बसत नाही.

प्राण्याला बिचकवणारी

हेडलाइटचा उजेड रानाकडे फेकणारे, रस्त्याकडेच्या खांबांवरचे परावर्तक सर्वांत स्वस्त, पण त्यांवर पैसा घालू नये. जर्मनीत १५१ ठिकाणी झालेल्या चाचणीत त्यांच्यामुळे धडका कमी झाल्या नाहीत. आभासी कुंपणाच्या पेट्या हेडलाइटचा उजेड पडताच आवाज करतात, दिवे लुकलुकवतात. ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया बेटावरच्या एका अभ्यासात प्राण्यांचे मृत्यू जवळपास निम्मे झाल्याचं मांडलं गेलं, पण त्याच्या पद्धतीवर गंभीर आक्षेप आले. वॉम्बॅट या बिळात राहणाऱ्या ऑस्ट्रेलियन प्राण्यावर झालेल्या दुसऱ्या चाचणीत तर फरकच आढळला नाही. शिवाय वळणावर उजेड उशिरा पोचतो आणि दिवसा पेटी गप्पच असते.

चालकाला सावध करणारी

इथे सेन्सर प्राणी हेरतो आणि तेवढ्यापुरताच फलक उजळतो. किरण-तुटीची यंत्रणा समजायला सोपी: दोन खांबांमध्ये इन्फ्रारेड किंवा लेझरचा किरण, तो तुटला की इशारा. किरणाची उंची प्राण्याच्या छातीशी जुळली पाहिजे. सांबरासाठी लावलेल्या किरणाखालून रानडुक्कर सहज निघून जातं. जमीन खालीवर असेल तर खोलगटात आंधळी जागा उरते. वाढलेलं गवत वाऱ्याने हललं तरी खोटा इशारा जातो. सर्वांत घातक उणीव वेगळीच आहे: किरण ओलांडून प्राणी रस्त्याकडेलाच चरत राहिला, तर टाइमर संपून फलक विझतो आणि प्राणी तिथेच असतो. रडार किंवा थर्मल (शरीराची उष्णता टिपणारा) कॅमेरा पूर्ण पट्टा पाहतो, म्हणून ही चूक टळते. खर्च आणि जुळवणी मात्र वाढते.

फलक किती आधी लावायचा? ८० किमी वेगाला चालकाची प्रतिक्रिया २.५ सेकंद आणि बेताचं ब्रेकिंग धरलं तर थांबायला सुमारे १३० मीटर लागतात, ६० ला ८५. लो बीमचा (हेडलाइटच्या खालच्या झोताचा) उजेड एवढ्या लांब पोचत नाही, म्हणून इशारा त्याआधीच मिळायला हवा. चालक थांबला नाही, नुसता ८० वरून ६० वर आला, तरी धडकेची ऊर्जा ४४ टक्क्यांनी घटते. त्यासाठी फलकावर प्राण्याच्या चित्रासोबत वेगाचा आकडाही द्या.

कुंपणाशी जोड

लांब पट्ट्यावर सेन्सरची रांग लावण्यापेक्षा कुंपण घालून प्राण्यांना एका मोकळ्या जागेकडे वळवावं आणि यंत्रणा तिथेच बसवावी, असं आमचं ठाम मत आहे. अमेरिकेत अॅरिझोनाच्या २६० क्रमांकाच्या महामार्गावर अशा जोडणीनंतर एल्क या मोठ्या हरणाच्या धडका जवळपास थांबल्या. कुंपण हरणांसाठी सुमारे २.४ मीटर उंच हवं. ५ किमीपेक्षा आखूड कुंपणाचा परिणाम बेभरवशाचा, कारण प्राणी टोकाला वळसा घालून रस्त्यावर येतात. आत अडकलेल्यांना बाहेर उडी मारता येईल असे मातीचे उतार ठेवावे लागतात.

खरेदीच्या करारात तीन गोष्टी लिहून घ्या: गवतकापणी कोण करणार, सौर बॅटरी ढगाळ हवेत किती दिवस टिकणार, आणि सेन्सर बिघडल्यास फलक काय दाखवणार. बिघाडात फलक विझला, तर चालकाला रस्ता मोकळा वाटतो. म्हणून त्या वेळी तो सतत लुकलुकत राहील अशीच रचना मागा.