तांबडं झालेलं पाणी आणि साडेसोळा हजार

मे महिन्यात भर उन्हाचे दोन तरुण दारात आले. गळ्यात ओळखपत्रं, हातात काळी पेटी. "काकू, गावात पाणी तपासणी चालू हाय, तुमचंबी बघतो." करवीर तालुक्यातलं आमचं गाव, घरामागं उसाच्या रानात विहीर. मला वाटलं, पंचायतीनंच पाठवलीत.

एका ग्लासात विहिरीचं पाणी, दुसऱ्यात त्यांच्या बाटलीतलं. दोन्हींत सळ्यांचं यंत्र बुडवून बटण दाबलं. मिनिटाभरात आमचा ग्लास तांबडा, मग काळपट, वर फेसाळ गाळ. त्यांचा नितळच. "हेच पोटात जातंय. आत्तींचा मुतखडा ह्यातनंच." मुतखड्याचं मीच बोलण्यात सांगून बसले होते. सासूबाई शेजारीच होत्या, त्यांचा चेहराच उतरला. उसाच्या बिलातले साडेसोळा हजार त्याच दुपारी मोजून दिले आणि पाणी शुद्ध करायचं त्यांचं मशीन भिंतीवर चढलं. पावतीवर ना पत्ता, ना जीएसटी नंबर.

पैसे गेले ते गेलेच, पण मशीन आहे म्हणून पावसाळ्यात पाणी उकळायचं आम्ही सोडलं, हे मला अजून सोसत नाही. जुलैत रानातलं गढूळ पाणी विहिरीत उतरतं, हे का मला ठाऊक नव्हतं? २०१२ साली इचलकरंजीत काविळीनं केवढा हाहाकार केला, तेही आठवत होतं. तरी निळा दिवा बघून निर्धास्त राहिले. धाकट्याला जुलाब-उलट्या लागल्या, तीन दिवस सलाईनवर होता.

ओळखीच्या फिटरनं मशीन उघडलं. आरओचं मेंब्रेन, म्हणजे क्षार गाळणारा पडदा, नव्हतंच. कार्बनचं एक नळकांडं, आणि जंतू मारणाऱ्या यूव्ही दिव्याच्या जागी साधा निळा बल्ब. पावतीवरचा फोन तोवर बंद झालेला.

सायन्सला असलेल्या पुतण्यानं तसलंच यंत्र आणून दाखवलं. बॅटरीत घालायच्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये सळ्या सोडल्या, काही झालं नाही. त्यातच चिमूटभर मीठ टाकलं आणि पाणी तांबडं! पाण्यातल्या क्षारांमुळं वीज वाहते, लोखंडी सळई झिजते, तिचाच तो गंज. चांगल्या पाण्यातही कॅल्शियम, मॅग्नेशियम असतंच. टीडीएस मीटरचंही तसंच: आकडा क्षारांचा, जंतू त्याला दिसत नाहीत. भारतीय मानकात टीडीएसची इष्ट मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे. आमचं पाणी त्याच्या आतच होतं.

मग सरकारी प्रयोगशाळेत नमुना दिला. जंतूंच्या तपासणीला त्यांचीच निर्जंतुक बाटली लागते, आणि नमुना थंड ठेवून लगेच पोचवावा लागतो. अहवालात कोलिफॉर्म जंतू निघाले, म्हणजे पाण्यात घाण मिसळल्याची खूण. नायट्रेटही लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या मर्यादेपेक्षा जास्त. रानातला युरिया आणि संडासाचे शोषखड्डे, दोन्ही विहिरीच्या उशाशी. नायट्रेट उकळून जात नाही, उलट पाणी आटतं तसं वाढतं, आणि वरचं दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळाला ते फार घातक. म्हणून प्यायला आता पंचायतीच्या नळाचं पाणी, तेही उकळून. विहिरीत पंचायतीच्या जलसुरक्षकानं सांगितलेल्या मापानं टीसीएल (ब्लीचिंग पावडर) पडतं, पण ते पाणी भांड्या-धुण्यालाच.

पोलिसांत अर्ज दिलाय, ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वरही तक्रार नोंदवली. परवा माहेरहून वहिनीचा फोन आला, त्यांच्या गल्लीत दोघं काळी पेटी घेऊन फिरतायत. तिला म्हटलं, ग्लास त्यांच्या बाटलीतल्या पाण्याचाच घे, चिमूटभर मीठ टाक आणि मग बटण दाबायला सांग.