उपद्रवी गोगलगायींवर ॲसॅसिन गोगलगाय : कोकणातल्या टाकीसाठी घ्यावी का?

रत्नागिरी, चिपळूण, मालवण अशा गावांत घरी गोड्या पाण्याची माशांची टाकी ठेवणाऱ्याला सहसा हीटर लागत नाही. परंतु त्याच उबदार पाण्यात नको असलेल्या गोगलगायीही बारमाही वाढत राहतात. वॅलिसनेरिया या पाणवनस्पतीच्या जुडीला चिकटून आलेला अंड्यांचा एक जेलीसारखा पुंजका त्यासाठी पुरतो. यावर दुकानांत दोन वस्तू हमखास पुढे केल्या जातात. एक म्हणजे तांबेयुक्त औषधाची बाटली, आणि दुसरी म्हणजे ‘ॲसॅसिन स्नेल’ या नावाने विकली जाणारी, पिवळ्या-तपकिरी पट्ट्यांची, इतर गोगलगायींवर जगणारी आग्नेय आशियातली गोगलगाय. माझ्या दोन फुटी टाकीत गेल्या पावसाळ्यापासून ही गोगलगाय आहे आणि माझे मत तिच्याच बाजूने आहे. मात्र दुकानदार सांगतो त्या कारणासाठी नव्हे.

दुकानदार सांगतो ते वेगाबद्दल : ‘आठ दिवसांत टाकी साफ.’ प्रत्यक्षात हा प्राणी कमालीचा संथ आहे. दिवसाचा बराच वेळ तो वाळूत रुतून असतो आणि श्वासाची बारीक नळी तेवढी वर दिसते. भक्ष्याचा वास लागला की तो बाहेर येतो, त्याच्या शंखाला पायाने घट्ट धरतो आणि शंखाच्या तोंडातून सोंड आत घालून सावकाश खात बसतो. मागे उरतो तो आतून लख्ख झालेला रिकामा शंख. टाकीच्या कोपऱ्यात असे शंख साचू लागले की काम चालू असल्याचे समजावे. पण फरक नजरेत भरायला महिने जातात, आठवडे नव्हेत.

तरीही ती घेण्याजोगी ठरते ती ट्रम्पेट गोगलगायींमुळे. निमुळत्या शंखाच्या या गोगलगायी अंडी घालत नाहीत, थेट पिल्ले देतात, त्यांच्यातील एकटी मादी नराशिवायही वंश वाढवू शकते, आणि दिवसा त्या वाळूत दडलेल्या असल्यामुळे हाताने वेचणाऱ्याच्या हाती लागत नाहीत. पाण्यात औषध पडले की शंखाचे झाकण लावून त्या काही काळ तग धरतात. ॲसॅसिन मात्र त्याच वाळूत हिंडते. पातळ शंखाच्या, काचेवर फिरणाऱ्या साध्या गोगलगायींसाठी तिची तितकी गरज नाही. रात्री दिवा मालवल्यावर उकडलेल्या दुधीची चकती किंवा श्रावणात तवशाची फोड टाकीत ठेवावी आणि सकाळी ती चिकटलेल्या गोगलगायींसह उचलावी, एवढे पुरते.

औषधाच्या बाटलीविषयी आपल्या भागातील लोकांनी विशेष सावध राहावे. जांभ्यातल्या विहिरींचे पाणी बहुधा मृदू आणि किंचित आम्लधर्मी असते, आणि अशा पाण्यात तांब्याचा विषारीपणा वाढतो. म्हणजे बाटलीवर छापलेली मात्रा माशांनाही जड जाऊ शकते. शिवाय वाळूत एकाच वेळी मेलेल्या असंख्य गोगलगायी कुजून अमोनिया वाढतो तो वेगळाच. हे औषध कधीकाळी वापरलेल्या टाकीत ॲसॅसिनही सोडू नये, कारण तीही गोगलगायच आहे आणि वाळूत राहिलेले तांबे तिलाही सोडत नाही.

याच मृदू पाण्याचा फटका तिच्या शंखालाही बसतो. कॅल्शियम कमी पडल्याने माझ्याकडच्या काहींच्या शंखाची टोके पांढुरकी होऊन झिजू लागली होती. किनाऱ्यावर फुकट मिळणारे समुद्रफेन, म्हणजे माकुलाच्या पाठीतले पांढरे हाड, मीठ निघेपर्यंत गोड्या पाण्यात भिजवून त्याचा तुकडा फिल्टरजवळ ठेवल्यापासून झीज पुढे सरकलेली नाही. दुकानातील कॅल्शियमची महागडी पुडी मला त्यापुढे अनावश्यक वाटते.

तिच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. माशांना वाजवीपेक्षा जास्त खाणे पडत असेल, तर उपद्रवी गोगलगायींची वाढ तिच्या खाण्याला मागे टाकते. चेरी श्रिंप पाळणाऱ्यांनी दोनदा विचार करावा, कारण लहान किंवा अशक्त कोळंबी तिच्या तावडीत सापडू शकते. टाकीत लोच जातीचे मासे असतील, तर तेच हिला खातील. पी पफर हा केरळ-कर्नाटकातला इवलासा मासा गोगलगायी अधिक झपाट्याने संपवतो खरा, पण गप्पींच्या शेपट्याही कुरतडतो.

विकत घेताना काचेला धरून चालणारीच निवडावी. पिशवीच्या तळाशी निपचित पडलेली, दुर्गंधी येणारी नाकारावी. नर-मादी वेगळे असूनही वरून ओळखू येत नाहीत, त्यामुळे पैदास हवी असल्यास पाच-सहा एकदम घ्याव्यात, नको असल्यास एकच घ्यावी. पुढे संख्या वाढलीच, तर जास्तीच्या दुसऱ्या टाकीवाल्याला द्याव्यात. विहिरीत किंवा पऱ्ह्यात त्या कदापि सोडू नयेत.