आवाज हरवलेले अपग्रेड: लिनक्सच्या नव्या आवृत्तीचे परीक्षण

मी पूर्णतः दृष्टिहीन आहे आणि गेली नऊ वर्षे भाषांतराचे सगळे काम लिनक्स या संगणक प्रणालीवर, ओर्का या स्क्रीन रीडरच्या (पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) आधाराने करते. माझ्या लॅपटॉपवरील लिनक्सची नवी आवृत्ती मी शनिवारी रात्री गिरगावातल्या घरी चढवली. दीड तासाने यंत्र पुन्हा सुरू झाले, पण लॉगिनच्या पडद्यावर पूर्वी लगेच येणारा आवाज आलाच नाही. ऑल्ट, सुपर (विंडोजचे चिन्ह असलेली कळ) आणि एस या तीन कळा एकत्र दाबल्या की ओर्का सुरू होतो. त्या कितीतरी वेळा दाबूनही उपयोग झाला नाही. अखेर चाळीतल्या शेजारच्या आठवीतल्या मुलीला बोलावले, तेव्हा पडदा सुरू आहे आणि पासवर्ड मागतो आहे, एवढे कळले.

सोमवारी लॅमिंग्टन रोडवरच्या दुरुस्तीच्या दुकानात त्याच तीन कळा दाबताच लॅपटॉप बोलू लागला, तेव्हा कारण उलगडले. मजकुराची मांडणी तपासायला येणाऱ्या सहकाऱ्यासाठी घरी एचडीएमआयने (चित्र आणि आवाज दोन्ही नेणाऱ्या वायरने) एक मॉनिटर जोडलेला असतो आणि त्याला स्पीकर नाहीत. अपग्रेडनंतर सगळा आवाज तिकडे वळवला गेला होता. शिवाय लॉगिनचा पडदा वेगळ्या वापरकर्त्याच्या नावाने चालत असल्यामुळे त्याची मांडणी माझ्या मांडणीहून स्वतंत्र असते. तीही मूळपदावर आली होती. डोळसांना हा दोष चिन्हावर क्लिक करून मिनिटभरात सुधारता येतो, पण ज्याला ते चिन्ह केवळ आवाजानेच सापडणार, त्याच्यासाठी तो दाराबाहेर कुलूप लागण्यासारखा आहे. भाषांतर पोहोचवण्याची माझी मुदत त्या दोन दिवसांत टळली.

त्याहून खोल अडचण कळांची निघाली. मी कॅप्स लॉक ही ओर्काची मुख्य कळ म्हणून वापरते. ती दाबून धरली की दुसऱ्या कळेने चालू ओळ, खिडकीचे शीर्षक किंवा वेळ ऐकता येते. नव्या आवृत्तीत कॅप्स लॉक स्वतःचेच काम करू लागला आणि ओर्काला द्यायच्या आज्ञा मजकुरात अक्षरे म्हणून उमटू लागल्या. याचे मूळ एक्स११ कडून वेलँडकडे झालेल्या बदलात आहे; लिनक्समध्ये खिडक्या पडद्यावर दाखवणाऱ्या आणि कळा प्रोग्रॅमपर्यंत पोहोचवणाऱ्या या जुन्या आणि नव्या व्यवस्था. एक्स११ मध्ये कोणताही प्रोग्रॅम सगळ्या कळा ऐकू शकत असे. ओर्का त्यावरच उभा होता, परंतु एखादा घातक प्रोग्रॅमही त्याच वाटेने पासवर्ड टिपू शकत असे. वेलँडने ती वाट बंद केली, आणि ते योग्यच झाले. मात्र स्क्रीन रीडरसाठी अधिकृत दरवाजा आधी तयार व्हायला हवा होता. ग्नोम या लिनक्सवरील डेस्कटॉपच्या मार्च २०२५ मधील ४८ व्या आवृत्तीत ओर्काच्या कळांची ही सोय आली. माझ्या वितरणाने (मी वापरते त्या तयार लिनक्स संचाने) मात्र दीर्घकालीन आधाराच्या नावाखाली त्याआधीचे ग्नोम दिले आहे आणि वेलँड हाच मूळ पर्याय ठेवला आहे. नव्या आवृत्तीच्या सूचनापत्रात याचा एका ओळीनेही उल्लेख नाही, हे मला सर्वात गंभीर वाटते.

तूर्त मी लॉगिनच्या पडद्यावर नाव निवडल्यानंतर टॅबने पोहोचता येणाऱ्या बटणातून वेलँडऐवजी एक्स११ चे सत्र घेते. त्यात कळा पूर्ववत चालतात. मराठी वाचनासाठी ईस्पीक एनजी या मजकूर बोलणाऱ्या प्रोग्रॅमचा मराठी आवाज पुन्हा निवडावा लागला, एवढेच. लिबरऑफिसमध्ये लांब दस्तऐवज मात्र आता पूर्वीपेक्षा कमी अडखळत वाचले जातात, आणि बॅटरीही जास्त टिकते.

तरीही स्क्रीन रीडरवर अवलंबून असलेल्यांनी हे अपग्रेड थेट चढवू नये. नवी आवृत्ती यूएसबीवरून तात्पुरती सुरू करावी, ओर्का बोलतो का, आपली मुख्य कळ चालते का आणि आवाज कुठून येतो, हे पाहावे; त्यानंतरच निर्णय घ्यावा. जुन्या आवृत्तीवर असलेल्या माझ्या दोन दृष्टिहीन मैत्रिणींना मी थांबायला सांगितले आहे. त्यांतल्या एकीचा लॅपटॉप येत्या रविवारी परळला जाऊन असाच तपासायचा आहे, एकदा एचडीएमआयची वायर काढून आणि एकदा जोडून.