आठ महिने, तीन पिपेट आणि एक अंगठा

प्रयोगशाळेत माझ्या वाट्याला तीन मायक्रोपिपेट (अंगठ्याने दाबून थोडासा द्रव मोजून उचलायचं साधन) आले: २ ते २०, २० ते २०० आणि १०० ते १००० मायक्रोलिटरचा. आठ महिने रोज वापरतेय. हजारवाल्याबद्दल फार काही नाही, गडी बिनतक्रार आहे. विसवाला नाजूक, पण इमानदार.

दोनशेवाल्याने मात्र छळलं. ब्रॅडफर्ड (रंगावरून प्रथिनं मोजायची चाचणी) करताना एकाच नमुन्याच्या तीन वेल, म्हणजे प्लेटमधल्या छोट्या वाट्या, तीन तऱ्हेच्या यायला लागल्या. आधी रंगद्रव्याला दोष दिला, मग रंग मोजणाऱ्या प्लेट रीडरला. शेवटी वैतागून तराजूवर पाणी मोजलं. २०० मायक्रोलिटर लावलं की पाण्याचं वजन साधारण १९९.५ मिलिग्रॅम यायला हवं. आयएसओ ८६५५ या पिपेटच्या आंतरराष्ट्रीय मानकात २०० ला १.६ मायक्रोलिटरचीच सूट आहे. माझे आकडे: १९१, १९४, १९०! टिप (टोकाला लावायची प्लास्टिकची नळी) भरून पिपेट नुसता उभा धरला, तर दहा-बारा सेकंदांत टोकाला थेंब फुगून खाली पडला. म्हणजे हवा शिरत होती. खोलून पाहिलं तर सील कोरडं ठणठणीत आणि आत बफरच्या मिठाची पांढरी खर. ही करामत माझीच. घाईत प्लंजर (अंगठ्याने दाबायचा दांडा) फटकन सोडायचा, द्रव वर उसळायचा, वर भरल्या टिपेसकट पिपेट टेबलावर आडवा. साफ करून ग्रीसचा पातळ हात फिरवला, आकडे १९९ च्या आसपास आले.

ग्लिसरॉल या दाट द्रवातली एंझाइमं हा वेगळा ताप. टिपेच्या भिंतीला चिकटून बसतात. आता नेहमीच्या उलटं करते. प्लंजर दाबताना दोन थांबे लागतात: दुसऱ्या थांब्यापर्यंत दाबून ओढायचं, पहिल्या थांब्यापर्यंतच सोडायचं, उरलेलं टिपेतच जाऊ द्यायचं. टिप दोन-तीन मिलिमीटरच बुडवायची, नाहीतर बाहेरून लागलेलं फुकट सोबत येतं.

खरी तक्रार टिप उडवायच्या बटणाची. फार कडक आहे. ९६ वेलची तिसरी प्लेट होईतो अंगठ्याच्या मुळाशी ठणका लागतो. दुसऱ्या कंपनीच्या टिपा घातल्या तर बटण हलकं वाटतं, पण टिप नीट बसत नाही, गळते. तरी १९५७ साली हाइनरिश श्निटगरने स्प्रिंगचा पिपेट करण्याआधी लोक हेच तोंडाने ओढत होते म्हणे, तेव्हा अंगठ्याची समजूत घालते.

आता महिन्यातून एकदा दहा वेळा पाणी मोजून आकडे ड्रॉवरच्या आतल्या बाजूला लिहिते. विसवाल्याचेही.