घास अडकत असेल तर मॅनोमेट्री करून घ्या (गॅस्ट्रो सेंटरचा रिव्ह्यू, ५ पैकी ४)

आईची अन्ननलिकेची मॅनोमेट्री (नाकातून बारीक नळी घालून गिळताना अन्ननलिकेतला दाब मोजायची टेस्ट) इथे केली. नाकातून नळी म्हटलं की लोक घाबरून टाळतात म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

आईला गिळलं की छातीच्या मधोमध अडकायचं, भाकरीच नाही तर पाणीसुद्धा, आणि रात्री आडवं झालं की खाल्लेलं जसंच्या तसं तोंडात यायचं, आंबटसुद्धा नाही. वजन उतरत चाललेलं. तरी ॲसिडिटीच्याच गोळ्या चालू होत्या. एंडोस्कोपीत ना जखम ना गाठ, मग इथल्या डॉक्टरांनी ही टेस्ट सांगितली आणि का सांगितली ते कागदावर चित्र काढून समजावलं, हे मला सगळ्यात जास्त आवडलं. अन्ननलिका म्हणजे साधारण २५ सेंमीची स्नायूंची नळी, ती आकुंचन पावत घास खाली ढकलते आणि खालच्या टोकाची झडप तेवढ्यापुरती सैल पडते. अकलेशिया नावाच्या आजारात तिथल्या नसांच्या पेशी नष्ट होतात, झडप नीट सैल पडत नाही आणि ढकलणंही बिघडतं. एंडोस्कोपीत नळी आतून दिसते पण दाब मोजला जात नाही, त्यामुळे सुरुवातीला ती नॉर्मल येऊ शकते.

आता टेस्ट. उपाशीपोटी बोलावतात, नाकात बधिर करणारी जेली लावतात आणि सेन्सरवाली बारीक नळी पोटापर्यंत सरकवतात. भूल देत नाहीत कारण पेशंटनेच गिळायचं असतं. नळी घशातून उतरताना उमासे येतात, डोळ्यांतून पाणी येतं, तेवढा वेळ खरंच वाईट, खोटं कशाला सांगू. पण टेक्निशियन ताई "काकू घोट घ्या, अजून एक, झालं बघा" करत राहिल्या, अजिबात घाई नाही. मग झोपवून ५ मिली पाणी असं १० वेळा गिळायला लावलं, मधे थुंकीपण गिळायची नाही, आईला तेच जास्त जड गेलं.

रिपोर्ट आला अकलेशिया टाइप २, ज्यात उपचारांचा गुण चांगला येतो. फुग्याने झडप ताणणं, दुर्बिणीचं हेलर ऑपरेशन (पोटावर छोटी छिद्रं पाडून झडपेचा स्नायू कापणं), आणि पोएम म्हणजे तोंडातून एंडोस्कोपी घालून आतूनच स्नायू कापणं (जपानच्या डॉ. हारुहिरो इनोउए यांनी २००८ मध्ये सुरू केलेलं), तिन्ही पर्याय समोर ठेवले. नसा परत येत नाहीत, फक्त वाट मोकळी होते आणि पोएमनंतर ॲसिड वर येण्याचा त्रास होऊ शकतो, हेही स्पष्ट सांगितलं.

एक स्टार कापला तो बिलिंग काउंटरसाठी, टेस्टपेक्षा जास्त वेळ तिथे गेला. आणि रिपोर्टसोबत रंगीत ग्राफची पानं मागून घ्या, आम्हाला आपणहून दिली नाहीत, दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायचं तर ते आधी तीच बघायला मागतात.